लाखेचा शिक्का आणि म्हातारीची कबुली

एवढी वर्षं लोटली, पण ती सकाळ काही केल्या पुसली जात नाही. शिपायांची गणती नुकतीच आटोपली होती आणि मी रोजनामच्यावर सही करत होतो. तेवढ्यात एक म्हातारी ठाण्याच्या पायऱ्या चढून सरळ माझ्या टेबलापुढे आली. दोन्ही मनगटं जोडून तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "सायेब, मले बांधा. म्यां मानसं मारली."

गुन्हेगाराच्या मागे रानोमाळ धावायची आम्हा पोलिसांना सवय. तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन हात पुढे करतो, असा योग क्वचितच. मी तरुण होतो, त्या ठाण्याचा ठाणेदार होऊन मला वर्षही झालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं आज नसतील, पण त्यांची नातवंडं असतील आणि त्यांना जगायचं आहे. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची ती अखेर होती. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. माझं ठाणं आलापल्लीकडच्या सागवानाच्या जंगलात. दारूबंदी नुकतीच लागू झाली होती. म्हणजे कागदावर लागू झाली होती. मोहाच्या झाडांना कुणी ती वाचून दाखवली नव्हती.

झालं होतं ते असं. आमच्याकडचा आठवडी बाजार बुधवारचा. जंगलात सागतोडीचा हंगाम चालू होता आणि तोडीवरचे मजूर बुधवारी मीठ-मिरची घ्यायला बाजारात येत. त्या बुधवारी बाजाराला आलेले पाच मजूर दारू प्यायले. गुरुवारी दुपारपर्यंत त्यातले तिघे मेले. पोटात आग, डोक्यात घण, डोळ्यांपुढे धुकं आणि मग घरघर. चौथ्याने बाजारातच ओकून टाकलं म्हणून तो वाचला, तो आमच्या गावच्या दवाखान्यात ग्लानीत पडून होता. पाचवा जिवंत होता, पण त्याला दिसेनासं झालं होतं. त्याला लाकडाच्या लॉरीतून चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत नदी, तिच्यावर तेव्हा पूल नव्हता. नावेतून पलीकडे नेऊन दुसऱ्या गाडीत घालावं लागलं.

मी गुरुवारी दिवसभर पंचनामे केले. व्हिसेऱ्याच्या बरण्या सीलबंद करून नागपूरला पाठवायच्या तयारीत ठेवल्या. तपासणीचा अहवाल यायला महिना दीड महिना ठरलेला. तोवर काय हातावर हात धरून बसायचं? आणि शुक्रवारी सकाळी ही म्हातारी हजर.

आंधळा झालेला तो पाचवा मजूर तिचाच मुलगा होता.

तिची जबानी मी घेतली. ती गोंडी बोलणारी, मराठी बाजारापुरती. म्हणून आमचे जमादार दुभाष्याचं काम करायला बसले. जमादार म्हणजे गडचिरोलीकडचा अस्सल झाडीपट्टीतला माणूस. पंचवीस वर्षं जंगलात काढलेली, गोंडी घरच्यासारखी बोलत. वर्दीचं वरचं बटण मात्र त्यांनी तोवर जन्मात कधी लावलं नव्हतं.

म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. पाड्यावर मोहाची दारू गाळणारी ती एकटी. बुधवारी बाजाराला जाताना ते पाचही जण तिच्या दारात थांबले, तिने प्रत्येकाला पानाच्या द्रोणातून घोटभर दिली. संध्याकाळी मुलगा घरी आला तो डोकं धरून, पोट आवळून. तिने त्याला आणखी भोपळ्याचा तुंबा भरून पाजली, कारण त्यांच्याकडे पोटदुखीला हेच औषध. पहाटे पुन्हा पाजली. उजाडलं तेव्हा मुलगा म्हणाला, 'माय, दिवा काऊन नाई लावत?' दुपारी बातमी आली की बाकीचे मेले.

"मायीच दारू," ती म्हणाली. "मायाच हातानं देली. पोराचे डोये म्यां खाल्ले. मले बांधा."

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. मी वऱ्हाडातला. माझा थोरला काका दारूपायी गेला. दोन एकर ओलिताचं रान, बायकोच्या पाटल्या, शेवटी घराची दारंसुद्धा विकून प्यायला. दारूचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. त्यामुळे दारू गाळणारी म्हातारी समोर येऊन 'मी मारलं' म्हणते म्हटल्यावर मी क्षणभरही थांबलो नाही. पडत्या फळाची आज्ञा समजून मी तिला कोठडीत टाकलं, आमच्या सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांना निरोप धाडला आणि हात झटकले. साहेबांचं उत्तर आलं, "शाबास. कबुली आली म्हणजे प्रकरण आटोपलं. कागद पाठवा."

कोठडीबाहेर लोक जमले होते. मेलेल्या एका मजुराची तरुण बायको गजांजवळ उभी राहून म्हातारीला शिव्याशाप देत होती. "तुया पोटच्या पोरालेबी सोडलं नाई वं तू, रांडे!" म्हातारी खाली मान घालून ऐकत होती.  तिला ते सगळं पटत होतं.

शनिवारी जेवण झाल्यावर मी व्हरांड्यात कागद लिहीत बसलो होतो. जमादार तंबाखू मळत आले आणि नुसतेच उभे राहिले.

"काय हो जमादार?"

"सायेब, ते बुढी खोटी बोलून राह्यली."

"खोटं बोलून कुणी फाशीच्या दोरीत मान घालतं काय?"

"खोटं नाई म्हना. पन खरंबी नाई." त्यांनी चिमूट ओठात दाबली. "इकडचा एक रिवाज आहे, सायेब. जो दारू देते ना, तो पयले सोता पेते. पाव्हन्यायच्या समोर. त्याच्याबिगर कोनी हातच लावत नाई. इख नाई हे दाखवाले लागते. म्यां तिले इचारलं, तू पयले पेली का नाई. तर माया अंगावर आली! मने, चाखल्याबिगर देईन मी? मी का जनावर आहो?"

"मग?"

"मंग ते का बरं नाई आंधळी झाली? बुधवारी सकाळी पेली, संध्याकाळी पेली, पहाटी पेली. अन् आता मले मने, जमादार, तुया सायबाच्या सदऱ्याचं दुसरं बटन तुटाले आलं, टाका घालून दे."

मी खाली पाहिलं. दुसरं बटण खरंच एका धाग्यावर लोंबत होतं. कोठडीपासून माझं टेबल वीस पावलांवर.

माझ्या कानशिलात कुणी लगावावी तसं झालं. कबुली ऐकली आणि मी तपास बंद केला होता. घारीची नजर असलेल्या बाईने, स्वतः पिऊन दाखवलेल्या दारूने, तीन माणसं मारली असं मी सरकारी कागदावर लिहीत बसलो होतो! आणि त्याहून वाईट म्हणजे, विष जर तिचं नव्हतं तर ज्याचं होतं तो मोकळाच होता. पुढचा बुधवार चार दिवसांवर, होळीच्या आधीचा शेवटचा बाजार. सगळं जंगल त्या दिवशी प्यायला उतरणार. लिहिलेला कागद मी टराटरा फाडला आणि चप्पल न घालताच दवाखान्याकडे निघालो. जमादार मागून ओरडत आले, "सायेब, पायतान!"

दवाखान्यात चौथा मजूर उठून बसला होता. पेज पीत होता.

"बुधवारी बाजारात काय प्यायलास भाऊ?" मी विचारलं.

"इंग्रजी, सायेब. बाटलीतली."

"कुणी दिली?"

त्याने पेजेची वाटी पुन्हा तोंडाला लावली. पोलिसाला नाव सांगायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. जमादारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नाव नोको सांगू. एवढंच सांग, ज्यानं देली त्यानं पयले चाखली का?"

"नाई. ते काऊन चाखते? बाटलीले लाख लावली होती. शिक्का होता." तो आमच्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाला. "शिक्का म्हंजे सरकारनं पयलेच चाखून ठेवली ना जी!"

 या माणसांच्या हजार वर्षांच्या शहाणपणाला लाखेचा एक तुकडा पुरून उरला होता. घरच्या माणसाची दारूसुद्धा ती न चाखता घेत नाहीत. पण सरकार म्हणजे सगळ्यात थोरला यजमान, त्याने आधीच पिऊन मोहोर केली असेल तर त्याला काय चाख म्हणायचं? ही चूक शहरातला दारुडा करणार नाही. त्याला सरकार माहीत असतं.

आता शिक्क्याची बाटली बाजारात आली कुठून? दारूबंदीपूर्वी गावात परवान्याचं एक दारूचं दुकान होतं. बंदी आली तसं ते बंद झालं. दुकानदार बाहेरून आलेला, दिसायला सज्जन, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. आता तो मीठ आणि खोबरं विकत असे. नुसत्या संशयावर त्याच्या दारात जाणं म्हणजे त्याला सावध करणं. मी रविवारी सकाळी न्हाव्याकडे दाढीला बसलो.

नवीन अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो आहे, खबऱ्या पैशाने बांधता येतो पण न्हावी बांधावा लागत नाही. त्याच्याकडे नुसती मान सोपवून गप्प बसायचं. आमचा न्हावी चिंचेखाली बसे आणि त्याची जीभ वस्तऱ्यापेक्षा जलद चाले. एका गालाची होईपर्यंत त्याने दोन लग्नं मोडली आणि एक जुळवलं. दुसऱ्या गालावर आला तेव्हा म्हणाला, "सायेब, त्या मिठवाल्या शेठजीनं का महाल बांधाले काढला का?"

"का रे?"

"नाई, लॉरीवाला सांगून राह्यला होता. बल्लारशाहून त्याच्यासाठी लाकडाच्या पालिसाचं स्पिरिट आनलं मने. दोन मोठे डबे. आता त्याच्या घरी मी हजामतीले जातो ना. बसाले धड पाट नाई त्याच्याकडं, मले फाटक्या पोत्यावर बसवते. पालिस का पोत्याले करते?"

मी हललो आणि वस्तरा लागला. ती खूण हनुवटीवर अजून आहे. "आणि लाख?" मी विचारलं. "बाजारात लाख कुणी घेतं का?"

"लाख तं तोच घेते! मांगच्या बाजारी दोन शेर घेतली. मने, पत्रं बंद कराले. म्यां म्हटलं, शेठजी, एवढे पत्रं कोनाले लिवता?"

लॉरीवाल्याला मी बाजूला घेऊन खात्री केली. सोमवारी वॉरंटची व्यवस्था केली. मंगळवारी सकाळी दोन पंच, जमादार आणि चार शिपाई घेऊन दुकानदाराच्या घरावर धाड घातली.

तीन तास झडती चालली. मिठाच्या गोण्या उसवल्या, खोबऱ्याची पोती ओतली, चूल खणली, माळ्यावर शिपाई चढवले. काही नाही. स्पिरिटचा डबा नाही, वास नाही, लाखेचा कपटा नाही. देवळीत देवाच्या तसबिरीमागे एक बाटली सापडली, एवढंच. लाल लाखेने बंद केलेली, वर शिक्का.

दुकानदार हात जोडून हसला. "साहेब, खोटं बोलणार नाही. जुन्या दुकानाची ती राहिलेली बाटली. अगदी शुद्ध सरकारी माल. औषधाला म्हणून ठेवली. बाळगणं गुन्हा आहे, मला मान्य आहे. खटला भरा."

चलाख माणूस. लहान गुन्हा पदरात घेऊन मोठा झटकून टाकत होता. आणि पुढे शहाजोगपणे म्हणतो कसा, "बाकी त्या म्हातारीने कबूल केलंय म्हणतात. या जंगली लोकांना कितीही सांगा, दारू काही सुटत नाही. फार वाईट व्यसन, साहेब."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या मुठी आवळल्या गेल्या. पण हात उगारला की केस हातची जाते, हे मला शिकवणाऱ्यांनी चांगलं शिकवलं होतं. बाटली तशीच बाजूला ठेवून तिला कागद गुंडाळला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्याला ठाण्यात आणलं.

चौकशी दुपारी दोनला सुरू झाली. नाव, गाव, धंदा. स्पिरिट? "डबे वाटेत गळले, फेकून दिले." लाख? "बायकोच्या बांगड्यांना." प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार आणि प्रत्येक उत्तराला 'साहेब' जोडलेलं. चार वाजले. उद्या बाजार. माल कुठेतरी दडलेला होता आणि याचा एखादा साथीदार तो सकाळी बाहेर काढणार होता, याबद्दल मला शंका नव्हती.  सर्कलसाहेबांचा दुसरा निरोप टेबलावर होता, 'म्हातारीचे कागद का आले नाहीत?'

मी जमादारांना म्हटलं, "पानाचा एक द्रोण आणा."

द्रोण आला. मी खुणेसरशी शिपायाकडून कागदात गुंडाळलेली एक बाटली मागवली. कागद इतकाच उलगडला की लाल लाख दिसावी. हे आज सांगायला हरकत नाही. ती जप्तीची बाटली नव्हतीच. मुद्देमालाला हात लावण्याइतका मी वेडा नव्हतो. जमादारांनी जुन्या रिकाम्या बाटलीत विहिरीचं पाणी आणि थोडा गूळ घालून, टपालाच्या पाकिटांना लावतो ती आमचीच लाख तोंडाला फासली होती. मी लाख फोडली, द्रोण काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"शेठजी, शुद्ध सरकारी माल म्हणालात ना?"

"हो साहेब."

"इकडची रीत तुम्हाला माहीत असेलच. इतकी वर्षं इथे धंदा केलात. ज्याचा माल त्याने पहिला घोट घ्यायचा. घ्या. मग मी घेतो, मग जमादार घेतील, आणि तुम्ही आपल्या घरी जा."

"मी माळकरी माणूस, साहेब. मी पीत नाही."

जमादार दारातून म्हणाले, "पोळ्याच्या दिसी आपन कोटवालाच्या घरी सोबतच पेलो जी, शेठ. इसरले?"

तो द्रोणाकडे पाहत राहिला. कपाळावर घामाचे थेंब जमून बुक्का ओघळायला लागला.  चौकशीत बोलण्यापेक्षा गप्प बसणं जास्त काम करतं, पण तेवढा दम फार थोड्यांना असतो. त्याने द्रोण उचलला. ओठांपर्यंत नेला. तो झटक्याने मागे घेतला आणि निम्मं पाणी त्याच्याच धोतरावर सांडलं. दोन्ही हातांनी त्याने ते धोतर अंगापासून लांब धरलं, निखारा पडल्यासारखं, आणि ओरडला, "नको साहेब! त्यातली नको! बायकापोरं आहेत मला!"

"त्या तिघांनाही होती," मी म्हणालो.

मग सगळं बाहेर आलं. गावाबाहेर त्याने एकाकडून खळं भाड्याने घेतलं होतं. तिथे धानाच्या तणसाची मोठी गंजी रचलेली. त्या गंजीच्या पोटात माल होता. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागी वस्तू निघाली तर तेवढा भाग राहतो. म्हणून मी घाई केली नाही. पंच बोलावले, त्यांच्यासमोर त्याचं म्हणणं शब्दशः लिहून घेतलं, सही घेतली, आणि मगच निघालो. उन्हं कलायच्या आत आम्ही खळ्यावर होतो.

शिपायांनी तणस उपसायला सुरुवात केली. हातभर आत गेल्यावर काच वाजली. तो किणकिणाट ऐकून जमादार अशी आरोळी ठोकते झाले की शेजारच्या शेतातले बैल बुजले. "निंगाली, सायेब! निंगाली!" पोत्यांवर पोती. ओळीने भरलेल्या, लाल लाख लावलेल्या बाटल्या. स्पिरिटचे दोन्ही डबे. रंगाला जाळलेला गूळ, चवीला मिरचीचं पाणी, आणि जुन्या दुकानाचा पितळी शिक्का. होळीच्या बाजाराचा माल जय्यत तयार होता. त्या ढिगाकडे पाहून पंच म्हणून आलेल्या म्हाताऱ्या पाटलाने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "आमची सारी पंचक्रोशी आंधळी झाली असती जी," एवढंच तो म्हणाला.

बुधवारचा बाजार भरला आणि सुखरूप उठला. मी दिवसभर बाजारात फिरत होतो आणि पिऊन झिंगलेला एखादा दिसला की शिव्या द्यायच्या ऐवजी त्याच्या डोळ्यांपुढे बोटं धरून 'किती?' विचारत होतो. बरोबर उत्तर आलं की मला असा काही हर्ष व्हायचा की विचारू नका.

गुरुवारी आरोपी आणि सीलबंद मुद्देमाल घेऊन मी चांद्याला गेलो. काम आटोपून दवाखान्यात डोकावलो. म्हातारीच्या मुलाला तपासणारे डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. त्यांना मी लाकडाच्या पॉलिशच्या स्पिरिटचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला तोच अंदाज होता. पण मला एक कळत नाही. हा पोरगा वाचला कसा? बाटली तर सर्वांनी सारखीच प्यायली म्हणता. याने नंतर आणखी काही घेतलं होतं का?"

"त्याच्या आईने मोहाची पाजली होती. संध्याकाळी आणि पहाटे. म्हणूनच तर ती गुन्हा कबूल करून बसली आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, तेच याचं औषध! या विषावर साधं मद्यच उतारा म्हणून देतात, मोजून. साधं मद्य शरीरात असलं की विष आपलं काम करू शकत नाही, तसंच बाहेर पडून जातं. त्या बाईने नकळत तेच केलं. डोळ्यांना इजा झालीच, पण एका डोळ्याने आता उजेड आणि माणसं दिसायला लागली आहेत. आईने पाजली नसती तर हा चौथा मुडदा असता. ती बाई आहे कुठे?"

"माझ्या कोठडीत," मी म्हणालो, आणि मला तिथे उभं राहवेना.

दारुड्या वाचकांनी याचा भलता अर्थ काढू नये, म्हणून इथेच दरडावून सांगतो. मोहाची दारू अमृत आहे असं मी म्हणत नाही. तिने मोडलेली घरं मी त्याच पट्ट्यात डझनांनी पाहिली, माझ्या काकाचं मोडलेलं घर तर मी लहानपणी आतून पाहिलं. विषाचा उतारा डॉक्टरने मोजून द्यायचा असतो. तो घरी तुंब्याने घ्यायचा नसतो. आणि माणसाला दारूची तहान नसती तर शिक्क्याच्या बाटलीला गिऱ्हाईकच मिळालं नसतं. पण दारूचा राग म्हणजे न्याय नव्हे. माझ्या रागाने एका आईला खुनी ठरवलं होतं आणि मी त्यावर सहीही करणार होतो.

कबुली दिलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय सोडता येत नव्हतं, तो सुटकेचा हुकूम परतीच्या वाटेवर घेतला. दारू गाळल्याबद्दल तिला समज देण्यात आली, तीही मीच वाचून दाखवली. मग तिला बाकावर बसवून जमादारांमार्फत डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "परत सांग." जमादारांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा तिने मलाच विचारलं, तिच्या मराठीत. "सायेब, मंग म्यां नाई मारलं?"

"नाही, बाई. तू वाचवलंस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "मंग हे समद्यायले सांग."

खरंच होतं तिचं. आरोप गावभर झाला होता, सुटका मात्र मी ठाण्याच्या चार भिंतींत गुपचूप उरकायला निघालो होतो. म्हणून पुढच्या बुधवारी, बाजार ऐन भरात असताना, मी पूर्ण वर्दी चढवली. जमादारांनी आयुष्यात प्रथमच वरचं बटण लावलं. गावच्या कोतवालाला हलगी देऊन पुढे घातलं, म्हातारीला मध्ये घेतलं आणि मिठाच्या रांगेपासून मडक्यांच्या रांगेपर्यंत आम्ही दवंडी पिटत गेलो. "ऐका हो ऐका! या बाईनं कोनाचा जीव नाई घेतला हो! इख शिक्क्याच्या बाटलीत होतं हो! बाईच्या हातानं तिचा पोरगा वाचला, असं चांद्याचा डाक्टर म्हनते हो!" शेवटचं वाक्य मी सांगितलेल्या दवंडीत नव्हतं, कोतवालाने ते स्वतःच्या पदरचं घातलं आणि प्रत्येक वळणावर अधिक मोठ्याने म्हटलं. लोक तराजू खाली ठेवून उभे राहिले. कुणी 'जोहार माय' म्हटलं, मग सगळेच म्हणायला लागले. म्हातारीची पाठ कणाकणाने ताठ होत गेली.

मडक्यांच्या रांगेशी ती तरुण विधवा उभी होती, कोठडीच्या गजांपाशी शिव्याशाप देणारी. कोतवालाची काठी थांबली. ती पुढे आली, म्हातारीचा दंड धरला आणि म्हणाली, "चाल माय. घरी चाल." दोघी पाड्याच्या वाटेला लागल्या आणि मी भर बाजारात, टोपी डोक्यावर असताना, खुशाल डोळे पुसले.

दुकानदाराला लांबची सजा झाली. सर्कलसाहेबांनी पाठ थोपटली, जमादारांना बक्षीस मिळालं. पुढे मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले. पण चोर पकडल्याच्या आनंदापेक्षा एका निरपराध बाईला तिने स्वतःवरच ठेवलेल्या आरोपातून सोडवल्याचा आनंद कितीतरी मोठा असतो, हे मला त्या एकाच प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर नोकरीभर, कुणी माझ्यापुढे येऊन गुन्हा कबूल केला की मी आधी त्याला बसायला सांगत असे, पाणी देत असे आणि लेखणी उचलण्यापूर्वी विचारत असे, "हे तू पाहिलंस, की तुझं तूच ठरवलंस?"